पिठातल्या किड्याची साक्ष

डोहाळजेवणाला दोन वाट्या झाकून ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. एका वाटीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. हिरवी साडी नेसलेली, फुलांची वाडी घातलेली ती मुलगी लाजत लाजत एक वाटी उचलते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ आहे, आणि खेळ म्हणून मला तो आवडतोही. पण एकदा वाटी उचलली जात असताना भोवतालच्या बायकांचे चेहरे बघा. पेढा निघाला की, "बघा, मी म्हणत नव्हते!" असा एकच गलका. बर्फी निघाली की क्षणभर काही नाही, आणि मग कुणीतरी घाईघाईनं म्हणतं, "असू दे गं, पहिली बेटी, धनाची पेटी." दुसऱ्या बेटीची पेटी कसली, हे मात्र त्या म्हणीत कुणी सांगून ठेवलेलं नाही.

ही समजूत घालण्याची वेळच का यावी, असं मला फार दिवस वाटत होतं. त्यात गेली काही वर्षं वर्तमानपत्रांतून एक बातमी अधूनमधून येत राहिली, आणि हा विषय डोक्यातून जाईना. बातमी तुम्हीही वाचली असेल. सम तिथीला संग झाला तर मुलगा होतो, विषम तिथीला झाला तर मुलगी, असं एका लोकप्रिय कीर्तनकारांनी कीर्तनात सांगितल्याची तक्रार २०२० साली झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती लावून धरली. गर्भलिंग निवडीची जाहिरात करायला कायद्यानं बंदी आहे आणि हे बोलणं त्यात बसतं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये सत्र न्यायालयानं ते रद्द केलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं सत्र न्यायालयाचा तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. कोर्टाचं कोर्टाला. माझं लक्ष होतं ते आमच्या भिशीतल्या बायकांकडे.

भिशीत सरळ दोन तट पडले. "अहो, कीर्तनात हसवायला माणूस काहीही बोलतो, त्याला कोर्टकचेरी कशाला?" असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, "जुन्या ग्रंथात लिहिलंय म्हणजे काहीतरी असेलच की." दोन मुलींची आई असलेली एक मैत्रीण एरवी फारसं बोलत नाही. ती चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "मग आमच्या ह्यांनी दोन्ही वेळेला तिथी चुकवली म्हणायची का?" सगळ्या खो खो हसल्या. ती हसली नाही.

ग्रंथात आहे, हे खरंच आहे. ऋतुकालाच्या सम रात्री मुलासाठी आणि विषम रात्री मुलीसाठी, असं मनुस्मृतीत आहे, आणि आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही तसं सांगितलेलं आहे. पण ते पंचांगातल्या तिथीबद्दल नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायच्या रात्री, असा तो हिशेब. म्हणजे कॅलेंडरात बघून तिथी सांगणाऱ्यांनी ग्रंथही धड वाचलेला नाही. बरं, तो हिशेब तरी टिकतो का? त्या काळी कुणाला दिसणं शक्य नव्हतं, ते आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. बाईचं बीज बीजकोशातून सुटलं की फार तर एक दिवस जिवंत असतं. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या शरीरात चांगलं चार-पाच दिवस तग धरू शकतं. म्हणजे सोमवारी संग झाला आणि गर्भ धरला गुरुवारी, असं सहज होतं. मग सम दिवस धरायचा कुठला, सोमवारचा की गुरुवारचा? त्या बीजाला बाहेर कुठली तिथी चालू आहे याचा पत्ताही नसतो.

आमच्या आईला तिथी कुणी सांगितली नव्हती, पुड्या दिल्या होत्या. आम्ही तिघी बहिणी, मी शेवटची. माझ्या आधीच्या बाळंतपणानंतरच घरात कुजबुज सुरू झाली होती की हिची कूसच मुलींची. माझ्या वेळी दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर आईच्या मोठ्या जाऊबाईंनी कुठल्याशा वैद्याकडून तीन पुड्या आणवल्या. गोऱ्हा व्यालेल्या गाईच्या दुधातून, पूर्वेला तोंड करून, सूर्य उगवायच्या आत घ्यायच्या. गावात गाईंना काही तोटा नव्हता, पण त्या वेळी गोऱ्हा असलेली गाय दूर मळ्यात होती, आणि पहाटे काळोखात दूध आणायला माझे वडील सायकल मारत जात. हे आई मला हसत हसत सांगते. हसत हसत न सांगण्यासारखा भाग असा की मी जन्मल्यावर सहा दिवस घरातलं कुणी बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायला आलं नाही. पाचवीची पूजा सुईणीनंच उरकली. वैद्याला कुणी काही विचारलं नाही. दोष निघाला तो आईचाच. तिसरी पुडी घेताना तिला उलटी झाली होती म्हणे, म्हणून औषध लागू पडलं नाही!

आता त्या पिठातल्या किड्याकडे येते.

अमेरिकेत व्हरमाँट नावाचं थंड, डोंगराळ राज्य आहे. तिथं १८६१ साली एका सुताराच्या घरी एक मुलगी जन्मली. नेटी स्टीव्हन्स तिचं नाव. आई लहानपणीच वारली. मुलगी हुशार, पण त्या काळी तिकडेही हुशार मुलीपुढं वाट एकच, शाळेत शिकवायचं. तिनं बरीच वर्षं शाळेत शिकवलं, ग्रंथालयात काम केलं, पै पै साठवली आणि पस्तिसाव्या वर्षी, म्हणजे १८९६ साली, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातलं. पस्तिसाव्या वर्षी! आपल्याकडे पस्तिशीतल्या बाईनं साधा शिवणाचा क्लास लावायचा म्हटलं तरी "आता या वयात?" असं म्हणणारी चार माणसं घरातच निघतात.

पुढं ती पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रिन मॉर या बायकांच्या कॉलेजात गेली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर झाल्या, त्या शहराला लागूनच हे कॉलेज आहे. तिथं १९०३ साली तिला डॉक्टरेट मिळाली आणि ती एका प्रश्नाच्या मागे लागली: नर आणि मादी ठरते कशावरून?

त्या वेळी या प्रश्नाला उत्तरं थोडीथोडकी नव्हती. आईनं काय खाल्लं, हवा गरम होती की थंड, यावर सगळं ठरतं असं मोठमोठे लोक मानत. व्हिएन्नातल्या शेंक नावाच्या प्राध्यापकांनी तर १८९८ साली पुस्तकच लिहिलं होतं की आईचा आहार बदलला की हवं ते मूल मिळेल. पाश्चात्त्य देशांत सगळे विज्ञानाचे पुतळे होते आणि भोळसटपणा काय तो आपल्याच वाट्याला आला, असं मुळीच नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजानं मुलगा हवा म्हणून एका राणीला सोडलं आणि दुसरी केली. तिलाही मुलगीच झाली, पुढं मुलगा झाला नाही, आणि १५३६ साली तिचं मुंडकं उडवलं. आरोप निराळे लावले, पण मुलगा झाला असता तर ते लावले गेले नसते असंच सगळे धरून चालतात. तिची ती मुलगी एलिझाबेथ. तिनं पुढं चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं.

नेटीबाईंनी मोठ्यांच्या मतांचा नाद सोडला आणि किडे घेतले. मीलवर्म म्हणून पिठात, कोंड्यात होणारी एक अळी असते. आपल्या डब्यात होणाऱ्या पोरकिड्याच्याच तऱ्हेची, पण आकारानं पुष्कळ मोठी, चांगली इंचभर लांब. तिचा पुढं काळा किडा होतो. (शेजारच्या पानावर पिठाला ऊन दाखवण्याच्या आणि कडुलिंबाचा पाला घालण्याच्या सूचना असतील तर त्या जरूर पाळा. पण जगातल्या एका मोठ्या शोधाला हा किडा कामी आला, हे चाळणी हातात धरताना आठवायला हरकत नाही.) बाईंनी या किड्यांच्या बीजकोशांचे अगदी पातळ काप काढले, ते रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसल्या. प्रत्येक पेशीत दोऱ्याच्या तुकड्यांसारखी गुणसूत्रं दिसतात. ती त्या मोजत राहिल्या.

मादीच्या पेशीत वीस गुणसूत्रं निघाली, सगळी मोठी. नराच्या पेशीतही वीसच, पण त्यात एकोणीस मोठी आणि एक अगदी चिमुकलं. बीज तयार होताना ही गुणसूत्रं निम्मी वाटली जातात. त्यामुळं मादीच्या प्रत्येक बीजात दहा मोठी येतात, त्यात काही फरक नाही. नराच्या बीजांत मात्र दोन जाती पडतात. निम्म्या बीजांत दहा मोठी, आणि निम्म्यांत नऊ मोठी व ते एक चिमुकलं. चिमुकलं असलेलं बीज मिळालं तर होणारा किडा नर, नाहीतर मादी. बस्स, एवढंच. आहार नाही, हवा नाही, तिथी नाही. १९०५ साली बाईंनी हे छापलं. त्याच वर्षी विल्सन नावाच्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे काम करून याच दिशेचा निष्कर्ष काढला. मोठ्या गुणसूत्राला पुढं एक्स म्हणू लागले आणि चिमुकल्याला वाय.

माणसाचंही तसंच. आपल्या पेशीत छेचाळीस गुणसूत्रं. बाईकडे एक्सची जोडी, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाई प्रत्येक वेळी एक्सच देणार, तिच्याकडे द्यायला दुसरं काही नाहीच. पुरुषाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. माणसात वायमुळंच मुलगा होतो, हे १९५९ साली पक्कं झालं. वायवरचं नेमकं कुठलं जनुक हे काम करतं, तेही १९९० साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. काही थोडी बाळं या साध्या हिशेबात न बसणारी जन्मतात. तीही निसर्गाचीच, आणि त्यांच्या आयांचाही त्यात काही दोष नसतो.

ही गोष्ट मी आमच्या वन्संना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे दोष पुरुषाचा! आता त्यांनाच पाठवा माहेरी." बोलणं गमतीचं होतं, आणि मला क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेही खरं नाही. पुरुषाच्या बीजांत एक्सवाली आणि वायवाली जवळजवळ निम्मी निम्मी असतात. कोट्यवधींमधलं कुठलं पुढं पोचावं, हे त्याच्या मनावर नाही, पुण्यावर नाही आणि पौरुषावर तर मुळीच नाही. नाणं वर उडवल्यासारखं आहे ते. जगभर साधारण शंभर मुलींमागं एकशेपाच मुलगे जन्मतात, आणि त्यात काही तो देणाऱ्याची करामत नसते.

नाण्याचा हा हिशेब एकदा मनात बसला की वैद्यबुवांचा धंदा कसा चालतो ते लख्ख दिसतं. समजा, शंभर बायकांनी प्रत्येकी हजार रुपये देऊन पुड्या घेतल्या. पुडीत नुसती पिठीसाखर असली तरी त्यातल्या पन्नास-एक्कावन्न जणींना मुलगा होणारच आहे. त्या पेढे घेऊन येतील, चार जणींना पत्ता देतील. उरलेल्या कुणाकडे तक्रार करणार? त्यांना पथ्य मोडल्याचं, उलटी झाल्याचं, दूध गोऱ्हा असलेल्या गाईचं नसल्याचं कारण तयार असतं. काही जण तर त्याहून हुशार. "मुलगा न झाल्यास पैसे परत" असं ठणकावून सांगतात. परत द्यावे लागले तरी निम्मे हातात राहतातच, वर प्रामाणिकपणाचा लौकिक फुकट. गर्भवतीचं पोट बघून भविष्य सांगणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. तोंडानं सांगायचं मुलगा, वहीत लिहून ठेवायचं मुलगी. मुलगा झाला तर वही कुणी उघडत नाही. मुलगी झाली आणि कुणी भांडायला आलंच, तर वही पुढं करायची, "बघा, मी लिहूनच ठेवलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

उजवा पाय आधी पडतो की डावा, पोट वर आहे की खाली, आंबट खावंसं वाटतं की गोड, या सगळ्या खुणांचंही हेच. डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा खरं ठरणारच. आणि खरं ठरलेलं आपण वर्षानुवर्षं सांगत राहतो, खोटं ठरलेलं संध्याकाळपर्यंत विसरतो.

"पण तिला ओळीनं तीन मुली झाल्या, म्हणजे तिच्यातच काहीतरी असलं पाहिजे," असंही म्हणणारे आहेत. त्यांना एवढंच सांगावं की ज्या घरांत तीन मुलं आहेत अशी आठ-नऊ घरं घ्या, त्यात एका घरी तिन्ही मुली असायच्याच. चार मुलांच्या सतरा-अठरा घरांत एका घरी चारही मुली. आमच्या आळीत तेव्हा चाळीस-पन्नास घरं होती. आमच्यासारखी चार-पाच घरं तिथं असणारच होती, आणि होतीही. प्रत्येक घरातल्या आईला मात्र वाटत होतं, जगात आपणच एकटी करंटी.

पुडीबद्दल आणखी एक साधी गोष्ट. ही औषधं पाळी चुकल्यावर, दिवस राहिल्याची खात्री झाल्यावर देतात. तेव्हा एक्स आला की वाय, हे केव्हाच ठरून गेलेलं असतं. म्हणजे भात शिजून तयार झाल्यावर तांदूळ आंबेमोहोर करायला निघाल्यासारखं! वर ती पिठीसाखरच असेल, याचीही खात्री नाही. हरयाणात अशा औषधांचा अभ्यास झाला, तेव्हा ती घेतलेल्या बायकांमध्ये व्यंग घेऊन जन्मलेल्या आणि मेलेल्या जन्मलेल्या बाळांचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा "घेऊन तर बघू, नुकसान काय आहे?" असं कुणी म्हणालं तर नुकसान हे आहे. गर्भारपणी डॉक्टरांना न विचारता कसलीही पुडी, बी किंवा काढा पोटात जाऊ देऊ नका. देणारी व्यक्ती कितीही प्रेमाची असो.

हे सगळं शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं. आमच्या शेजारचा मुलगा दहावीला असताना एक्स-वायची आकृती काढून पाठ करत होता, मी स्वतः ऐकलं आहे. आकृतीखालचं स्पष्टीकरणही त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं. त्याच घरात त्याच महिन्यात त्याच्या काकूला पुडी आणून दिली गेली. मुलाला त्यात काही विसंगत वाटलं नाही. ते परीक्षेचं होतं, हे घरचं होतं.

विज्ञानाचं यंत्र मात्र आपल्या घरात यायला इतका वेळ लागला नाही. गर्भजलाची तपासणी सुरू झाली होती ती बाळाचे जन्मजात आजार कळावेत म्हणून. तिचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला, तो याच शिकलेल्या, शहरातल्या, गावातल्या आपल्या समाजात. आत्ता थोडे खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा उघड लागत. मुंबईतल्या स्त्री संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली देशाचा कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला आणि गर्भ राहण्यापूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. तरी आकडे बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या, २०११ साली ८९४. त्या जनगणनेत बीड जिल्ह्यात तर ८०७. नाणं दर वेळी साधारण सारखंच पडतं, हे आपण आत्ताच पाहिलं. मग या मुली गेल्या कुठं, याचं उत्तर काही तिथीत सापडणार नाही.

ज्या जन्माला आल्या त्यांच्यातल्याही काहींची नावं 'नकुशी' होती. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अडीचशेहून अधिक नकुशींची नावं समारंभानं बदलण्यात आली. वर्तमानपत्रात फोटो आले होते. मुली नवी नावं सांगत होत्या. नकुशी नाव ठेवलं की पुढची मुलगी होत नाही, असा समज त्यामागं होता. म्हणजे हाही एक उपायच, पुडीसारखा. फक्त ही पुडी त्या मुलीला जन्मभर रोज हाक मारून दिली जायची.

मला एकच गोष्ट सारखी खटकते. पुडी आणणारी जाऊ, नकुशी म्हणून हाक मारणारी आजी, वाटीखाली बर्फी निघाल्यावर गप्प होणाऱ्या आपण, या सगळ्या बायकाच. यावर "बाईच बाईची वैरीण" म्हणून हात झटकणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. आईच्या जाऊबाई वाईट नव्हत्या. त्यांना स्वतःला मुलगा होता, आणि मुलगा झाल्यावर घरात आपला शब्द कसा चालू लागला, आपल्या ताटात तूप कसं पडू लागलं, हे त्यांनी पाहिलं होतं. धाकट्या जावेलाही ते मिळावं असंच त्यांना वाटत असणार. ज्या घरात बाईची किंमत मुलावर ठरते, तिथं ती मुलगा मागणारच, आणि पुडीही घेणारच. एक्स-वायचं ज्ञान तिला दोषातून सोडवतं, पण तूप वाढायला लावत नाही. त्यासाठी दुसरे कायदे लागले. वडिलार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला आणि २००५ साली सगळ्या देशाला मिळाला. त्यातल्या किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

वंशाच्या दिव्याबद्दल मात्र दोन शब्द. बापाचा वाय मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, हे खरं आहे. कुणी सुशिक्षित गृहस्थ तुम्हाला तेवढंच ऐकवतीलही. पण छेचाळिसांतला तो एक, आणि त्यावर जनुकं शंभराच्या आसपास. एक्सवर आठशेच्या वर आहेत. बाकी सगळा ठेवा मुलीलाही तसाच मिळतो, मुलालाही. आणि पेशीला शक्ती पुरवणारे जे बारीक कण असतात, ते तर फक्त आईकडूनच येतात. ते पुढच्या पिढीला मुलगीच देऊ शकते, मुलगा देऊ शकत नाही. तो दिवा कुणाच्या वंशाचा म्हणायचा?

नेटीबाईंना त्यांच्या शोधाचं सुख फार दिवस लाभलं नाही. त्यांच्या कॉलेजानं त्यांच्यासाठी संशोधनाची खास जागा निर्माण केली, पण ती घेण्याआधीच १९१२ साली स्तनाच्या कर्करोगानं त्या गेल्या. पन्नास वर्षांच्या होत्या. त्यांना शिकवणारे मॉर्गन यांना गुणसूत्रांवरच्या पुढच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळालं. नेटीबाईंचं नाव अजूनही पुष्कळ पाठ्यपुस्तकांत नसतं.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिची नजर अजून चांगली आहे. माझं बोलणं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाच विचारलं, "कुठलं साल म्हणालीस?"

"एकोणीसशे पाच."

"मग तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही ते."

पुढं बराच वेळ काही बोलली नाही. ताटातले खडे एका बाजूला झाले. मग म्हणाली, "तिच्या आईला किती गं मुली?"

"दोघी. मुलगे झाले होते, पण राहिले नाहीत. ही आणि हिची बहीण, एवढ्याच जगल्या."

"हं," आई म्हणाली, आणि ताट पुन्हा जवळ ओढून घेतलं. "म्हणजे तिलाही कुणीतरी बोललंच असेल."